यमक जुळत नाही

माझी भाची चौथीत आहे. शाळेने 'पाऊस' या विषयावर कविता लिहून आणायला सांगितली. तिने चार ओळी लिहिल्या. तीन ओळींत खिडकी, ओली चप्पल, बंद पडलेली लिफ्ट. चौथी ओळ दोनच शब्दांची: आजी अडकली. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत शेरा होता, 'यमक जुळत नाही'. तिने वही मिटली आणि मला म्हणाली, "मावशी, मला कविता येत नाही."

हे वाक्य मला फार लागलं. तिला कविता येत होती. तिच्या कवितेचा प्रकार मात्र तपासणाऱ्याच्या यादीत नव्हता.

मुलांपुढे कविता म्हणून आपण काय ठेवतो ते बघा. चार ओळी, शेवटी यमक, मध्ये चिऊ किंवा ढग. मोबाईलवरची बालगीतं लावली तर जवळपास प्रत्येकाला तोच ठेका, तीच टाळी. वृत्तं भेटतात ती बऱ्याच वर्षांनी, व्याकरणाच्या पुस्तकात, 'ओळखा व लक्षणे लिहा' म्हणून. म्हणजे कविता एकाच साच्याची असते हे मूल आधी शिकतं, आणि साचे अनेक आहेत हे परीक्षेपुरतं.

मराठीत हे जास्तच विचित्र आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी घ्या. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेरचा. तो आखूड चरण म्हणजे चालता चालता टेकलेलं पाऊल. ज्ञानेश्वरीत अशा सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. शाळेतला तो लाल पेन तिथे फिरवला तर काय होईल, कल्पना करा! मोठ्या अभंगाचंही तसंच. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, चौथा मोकळा. भाचीची 'आजी अडकली' ही ओळ याच घराण्यातली होती. ती ओवी नव्हती, पण आखूड शेवटाची गंमत तिच्या कानाला कुणी न शिकवता कळली होती.

तेव्हा मी ठरवलं, हिला वेगवेगळे प्रकार दाखवायचे. आणि पहिलीच चूक केली: हायकू. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, मोजायला सोपं. तिने बोटं मोडून अक्षरं मोजली, सात भरेनात म्हणून मध्ये 'तर' घातला, आणि विजयी चेहऱ्याने कागद पुढे केला. आकडे बरोबर होते, हायकू कुठेच नव्हता. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला तो आकड्यांसाठी नव्हे. एक क्षण दिसतो, आणि शेवटच्या ओळीत तो किंचित वळतो, हे त्यातलं खरं. मी तिला रिकामा डबा दिला आणि त्यात काय ठेवतात ते सांगितलंच नाही. हायकू सगळ्यात छोटा म्हणून मुलांसाठी सगळ्यात सोपा, हा समज मी तिथेच सोडला.

मग कानाकडे वळले. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. 'य गण चार वेळा' असं सांगितलं असतं तर ती पळाली असती. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या: लगागा लगागा लगागा लगागा. लघुला हलकी, गुरूला जोरात. तिसऱ्या दिवशी ती जिना त्याच ठेक्यात उतरत होती. जात्यावरच्या ओव्या मोबाईलवरच ऐकल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या प्रकल्पात अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात आहेत. भाचीचा पहिला प्रश्न होता, "या थांबतात कुठे?" जातं फिरतं, दम लागतो, तिथे ओळ थांबते. कवितेचा प्रकार शरीरातून येतो हे मला यापेक्षा सोपं करून सांगता आलं नसतं.

गझलेचा रदीफ तिला खेळ वाटला. दर शेराच्या शेवटी तोच शब्द परत येणार हे माहीत असतं, तरी तिथवर कसं पोचायचं ते दर वेळी नवं.

मुलांना हे झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी विंदा करंदीकरांकडे पाठवते. आततायी अभंग, मुक्त सुनीतं, विरूपिका लिहिणाऱ्या या कवीने 'राणीची बाग'पासून मुलांसाठी लिहिलं, तेव्हा लय सैल केली नाही. तिथले प्राणी विक्षिप्त, हट्टी बोलतात, आणि अनेकदा यमकच त्यांना त्या विक्षिप्तपणाकडे ढकलतं. यमक तिथे शेवटी लावलेली झालर नाही, गोष्ट पुढे नेणारं इंजिन आहे. म्हणून माझी तक्रार यमकाबद्दल नाही. यमक हा एक मार्ग आहे, तो नाका करून ठेवला याबद्दल आहे.

मुक्तछंद मी शेवटी ठेवला. कशातून मुक्त, हे कळल्याशिवाय त्यातली मोकळीक कळत नाही, असं मला वाटायचं. भाचीने तेही पूर्ण पटू दिलं नाही. "माझी पावसाची कविता यातलीच ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, थोडी यातली, थोडी ओवीकडची.

तिने वही काढली. लाल शेरा खोडला नाही. त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'मुद्दाम.' पुढच्या पानावर नवी कविता सुरू केली आहे. अजून दाखवलेली नाही.