बँजो कोणाचा?

दलित साहित्याने काळ्या अमेरिकेशी नाते जोडले ते शब्दांच्या वाटेने. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथल्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. कविता आली, आत्मकथन आले, विचार आला. वाद्य मात्र आले नाही. त्या वाद्याविषयी आणि ते वाजवणाऱ्या एका ताफ्याविषयी इथे लिहायचे आहे. प्रस्तुत लेखक या ताफ्याच्या प्रेमात आहे, हे आधीच सांगितलेले बरे. प्रेमात पडलेल्याने समीक्षा करू नये, असा प्रस्थापितांचा संकेत आहे. ज्यांच्या गाण्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी कान दिला नाही, त्यांना तटस्थतेचे हे सोवळे परवडणारे नाही.

कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हे या ताफ्याचे नाव. आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नाही. १९३० च्या सुमाराच्या टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स या काळ्या वादकांच्या ताफ्यावरून ते घेतलेले आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. त्यातून रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तीन तरुण मंडळी एकत्र आली. फिडल, बँजो, गिटार, हाडांच्या पट्ट्या आणि तोंडाने फुंकायचा बुधला, एवढाच त्यांचा संसार. त्या वर्षी ही मंडळी दर गुरुवारी मेबेन गावी जो थॉम्पसन या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन बसत. थॉम्पसन यांचा जन्म १९१८ चा. शेतातले काम उरकल्यावर आपल्याच लोकांच्या नाचासाठी वाजवायची धून त्यांना घरातून मिळाली होती. २०१२ मध्ये ते वारले, पण तोवर ती धून पुढच्या हातांत गेली होती.

आपल्या वस्तीत बँजो म्हटले की जयंतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी डोळ्यांपुढे येते. ते बटणांचे वाद्य वेगळे. हा बँजो म्हणजे कातडे ताणलेल्या पोकळ अंगावर तारा बसवलेले वाद्य. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांत आहे, आणि अमेरिकेच्या भूमीवर ते गुलामांनी घडवले. पुढे गोऱ्यांनी ते उचलले. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये डॅन एमेट आणि त्याच्या साथीदारांनी तोंडाला काळे फासून, काळ्या माणसाची नक्कल करीत ते रंगमंचावर वाजवले आणि या टवाळीचा मोठा धंदा झाला. १९२० च्या दशकात ग्रामोफोन कंपन्यांनी काळ्यांच्या संगीताचे एक खाते केले आणि खेड्यातल्या गोऱ्यांच्या संगीताचे दुसरे. फिडल-बँजो गोऱ्यांच्या खात्यात गेले आणि ते वाजवणाऱ्या काळ्यांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले. ज्यांनी वाद्य घडवले त्यांच्याच नातवंडांना ते परके वाटू लागले. त्यात टवाळीची लाजही होती.

इथे आपला प्रश्न सुरू होतो. हलगी आपल्या पूर्वजांच्या गळ्यात अडकवली ती गावकीने. गावाच्या देवाला, गावाच्या लग्नाला ती वाजवायची आणि मंडपाबाहेर उभे राहायचे. शिकलेल्या पहिल्या पिढीने ती खाली ठेवली. ते योग्यच झाले. हलकी समजली जाणारी कामे टाका, हा बाबासाहेबांचा आदेश स्वाभिमानाचा होता. पण सक्ती टाकताना सूरही टाकावा लागतो काय? सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. त्यांनी तमाशाचा बाज ठेवला आणि आशय बदलला. कुणासाठी वाजवायचे आणि कुणाच्या हुकमाने, हे एकदा स्वतः ठरवले की वाद्यही वेगळे बोलू लागते. थॉम्पसन यांच्या अंगणातली धून अशी स्वतःच्या आनंदासाठी वाजलेली होती. या तरुणांनी नेमकी तीच उचलली.

या ताफ्याची २०१० ची ध्वनिमुद्रिका 'जेन्युइन निग्रो जिग'. तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पण मला महत्त्वाची वाटते ती तिच्यातली याच नावाची धून. ती एमेटच्या नावाशी जोडलेली होती. ओहायोत त्याच्या गावाच्या परिसरात स्नोडेन नावाचे एक काळे गायक-वादक कुटुंब राहत असे. एमेटने त्यांच्याकडून बरेच काही घेतले, असे मांडणारे संशोधन १९९३ मध्ये ग्रंथरूपाने आले. ताफ्याने त्या धुनीला 'स्नोडेन्स जिग' असे नाव दिले. तिच्यात एकही शब्द नाही, तरी इतका स्पष्ट निकाल मी क्वचितच ऐकला आहे. संथ, दबलेली, पायाच्या ठेक्यावर चालणारी ही धून ऐकताना मेजवानीच्या उजेडापलीकडे उभ्या असलेल्या माणसांची चाहूल लागते.

उणे सांगायला हवे. या ताफ्यापुढे बसणारा श्रोता बहुतांशी गोरा असे. ज्यांचे वाद्य परत आणले, ते समोर कमीच होते. आपल्या लोककलांच्या सरकारी महोत्सवांत पुढच्या खुर्च्यांवर कोण बसते, हे पाहिले म्हणजे ही अडचण परकी वाटत नाही. शिवाय जुन्या नाचाच्या धुनींतला उत्साह कधी कधी संतापाची जागा अडवतो. गिडन्स यांनी पुढे गुलामगिरीवर थेट गाणी रचली. ओमर इब्न सैद या गुलामाच्या जीवनावरच्या 'ओमर' या ऑपेरासाठी त्यांना आणि मायकेल एबल्स यांना २०२३ चे पुलित्झर मिळाले. ताफ्याच्या गाण्यात जे अर्धवट राहिले होते, ते त्यांनी तिथे पुरे केले असे मला वाटते.

आपल्या विद्यापीठांत दलित कवितेवर प्रबंध होतात, व्हायलाच हवेत. पण हलगीचा, तुणतुण्याचा हात ज्यांना अजून आठवतो ती माणसे थकली आहेत. त्यांच्या ओट्यावर दर गुरुवारी जाऊन बसणारे विद्यार्थी आपण तयार केलेले नाहीत. एखाद्या महाविद्यालयाने एवढे जरी आरंभले, आणि कोणती चाल कोणाकडून आली हे नावानिशी लिहून ठेवले, तर उद्याच्या समीक्षेला पुरावा हाती राहील.