ठसा खरा, साक्ष खोटी

आर्थर कॉनन डॉयलची ‘नॉरवुडचा बिल्डर’ ही शेरलॉक होम्सकथा 1903 सालची. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ठशाच्या जोरावर इंग्लंडमध्ये खुनाचा आरोप पहिल्यांदा सिद्ध झाला तो 1905 मध्ये. साऱ्यांना या नव्या शास्त्राचं अप्रूप वाटत असताना डॉयलनं त्याची नेमकी मर्यादा हेरली, यात या कथेचं मोठेपण आहे.

जोनास ओल्डेकर हा बिल्डर नाहीसा होतो, त्याच्या आवारातला लाकडांचा ढीग जळून जातो आणि तरुण वकील मॅकफार्लेन खुनाच्या आरोपाखाली पकडला जातो. त्याला सोडवू पाहणाऱ्या होम्सच्या हाती काहीच लागत नाही. अशा वेळी इन्स्पेक्टर लेस्ट्रेड त्याला अंधाऱ्या दालनात नेऊन काडी ओढतो. पांढऱ्या भिंतीवर आधी नुसता रक्ताचा डाग दिसतो. काडी जवळ नेल्यावर त्यातून अंगठ्याच्या रेषा उमटतात. शेजारी लेस्ट्रेड आरोपीच्या अंगठ्याचा मेणावर घेतलेला ठसा धरतो. कथा सांगणाऱ्या वॉटसनला भिंगाचीही गरज भासत नाही. तो आशा सोडतो आणि त्याच्याबरोबर आपणही.

हा प्रसंग किती हुशारीनं रचला आहे! काडीच्या उजेडात डोळे रेषांवरच खिळतात आणि हा ठसा इथे कधी आला, हा प्रश्न सुचतच नाही. होम्सला मात्र हसू आवरत नाही. आदल्या दिवशी त्यानं तेच दालन तपासलं होतं आणि तेव्हा भिंत कोरी होती. मधल्या काळात मॅकफार्लेन कोठडीत होता. खरं तर ओल्डेकर जिवंत होता आणि घरातच लपून बसला होता. नाहीसा होण्याआधी कागदांची पाकिटं मोहोरबंद करताना त्यानं मऊ लाखेवर मॅकफार्लेनचा अंगठा टेकवून घेतला होता. पुढे त्यावरून साचा काढून, टाचणी टोचून काढलेल्या रक्तात बुडवून तो भिंतीवर उमटवला. फास आवळणारा पुरावाच आरोपीला सोडवतो.

रेषाच बनावट ठरवणं लेखकाला सोपं होतं. डॉयलनं त्या खऱ्या ठेवल्या, शास्त्राचा मान राखला आणि चूक दाखवली ती निष्कर्ष काढण्याच्या घाईत. ठसा कोणाचा, हे तज्ज्ञ सांगेल. तो कधी, कसा आणि कोणी उमटवला, हे तपास अधिकाऱ्यालाच शोधावं लागतं. तपासाचं काम शिकणाऱ्या प्रत्येकानं ही कथा एकदा तरी वाचावी.