अढीतले रसायन

आंबा पिकण्याविषयीचा एक शालेय तक्ता नुकताच आमच्या पाहण्यात आला. चित्रे सुरेख आहेत. मात्र डावीकडे ‘नैसर्गिक : अढी’ आणि उजवीकडे ‘रासायनिक : कार्बाइड, इथिलीन’ ही विभागणी पाहून आम्ही थबकलो. अढीत, पेंढ्याखाली, आंबा पिकतो तो त्याने स्वतःच सोडलेल्या इथिलीन वायूमुळे! पिकवणगृहात हाच वायू बाहेरून देतात. २०१६ साली १०० पीपीएमपर्यंत त्याला आपल्याकडे परवानगी मिळाली. कार्बाइडचे तसे नाही. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि कारखान्यातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून त्यावर बंदी आहे. हा फरकच तक्त्याने पुसून टाकला. मुले यातून एवढेच शिकणार, की रसायन म्हणजे विष.

आणि कोवळा तोडलेला आंबा? तो अढीतही धड गोड होत नाही (बाजारात फसलेल्यांना हे सांगायला नको). त्याचा तक्त्यात उल्लेखही नाही.

तक्ता वापरायचाच असेल, तर आधी वर्गात दोन हिरवी केळी घ्या. एक पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत बांधा, दुसरे उघड्यावर ठेवा. मग उजव्या बाजूचे ‘इथिलीन’ कुठे लिहायचे, ते मुलांनाच विचारा.