चार चौरस फुटांवरचं झाड

मुरूडच्या वाड्या मागे टाकून आगरदांड्याच्या धक्क्यावर पोचलं, की दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहण्यापलीकडे काही काम उरत नाही. डोळ्यांत मात्र वाडी रेंगाळत असते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीला बिलगलेला मिरवेल, तळाशी केळ. जमीन हातभर, म्हणून उजेड मजल्यामजल्याने वाटून घ्यायचा, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. दुर्गापूरच्या ‘सौरवृक्षा’ची छायाचित्रं मी याच नजरेने पाहतो.

पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हा सौरवृक्ष घडवला आणि २०१६ मध्ये लोकांसमोर आणला. मधोमध पोलादी खांब, त्याला फुटलेले हात, हातांच्या टोकांना सौरपट्ट्या. प्रथमदर्शनी हे शिल्प जरा रुक्षच वाटतं. व्हिएन्नात २००७ साली रॉस लव्हग्रोव्ह यांनी उभारलेल्या सौरवृक्षाचे देठ कसे लवलवते, वेलीसारखे वळणारे होते. रस्त्यावरचा दिवाच, पण जणू मातीतून उगवलेला. दुर्गापूरच्या झाडाला तो डौल नाही. त्याचं सौंदर्य मांडणीत आहे, आणि ते सावकाश उलगडतं.

माडाकडे खालून पाहा. एका झावळीनंतरची दुसरी तिच्या डोक्यावर येत नाही. सुमारे १४० अंशांचं वळण घेऊन ती बाजूला फुटते, तिसरी आणखी पुढे. काही माड डावीकडे वळत जातात, काही उजवीकडे. वरच्या झावळीने खालचीचं ऊन अडवू नये, एवढाच त्यामागचा शहाणपणा. सौरवृक्षाच्या फांद्या याच चक्राकार पर्णविन्यासावर बेतलेल्या आहेत, म्हणून तळच्या पट्टीलाही ऊन मिळतं. म्हणजे या शिल्पाने झाडाचा नुसता आकार उचललेला नाही, त्याचा व्यवहारही उचलला आहे. झाडाची नक्कल आणि झाडाची समज यांतला फरक इथे दिसतो.

या समजेचं फळ आकड्यांत मोजता येतं. जमिनीवर पसरून ५ किलोवॉटच्या पट्ट्या मांडायच्या तर सुमारे ४०० चौरस फूट जागा अडते. या झाडाच्या बुंध्याला ४ चौरस फूट पुरतात. ऑगस्ट २०२० मध्ये याच संस्थेने आपल्या वसाहतीत याहून थोरला वृक्ष उभा केला. त्याला ३५ पट्ट्या, क्षमता ११.५ किलोवॉट, आणि वर्षाकाठी १२ ते १४ हजार युनिट वीज अपेक्षित. त्याच्या हातांचा कल गरजेप्रमाणे बदलता येतो. वारा पाहून शीड वळवणाऱ्या नाखव्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

शीड म्हटलं की वारा आलाच. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. माड-पोफळी उन्मळल्या, त्यांच्याबरोबर विजेचे खांबही, आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. झाड आणि वीज एकाच दुपारी गमावलेल्या माणसाला ‘विजेचं झाड’ हा शब्द नुसता अलंकार वाटत नाही. पण तोच माणूस पहिला प्रश्न विचारील, की हे झाड वाऱ्यात टिकेल का? पोफळ वाकते, वारा अंगावरून जाऊ देते. पोलादाच्या हातावरची सपाट पट्टी वारा सरळ छातीवर घेते. शिवाय इथल्या खाऱ्या हवेत लोखंड फार दिवस नवं राहत नाही. समुद्रकाठी हे शिल्प आणायचं तर त्याला पोफळीकडून आणखी एक धडा घ्यावा लागेल.

तरीही छायाचित्रात माझी नजर पट्ट्यांवरून घसरून पुन्हा पुन्हा खाली जाते, खांबाभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर. शिल्पकार जागा भरून दाखवतो. या झाडाची कलाकुसर जागा सोडण्यात आहे. वाडीतही माड उंच जातो तो एकट्यासाठी नाही, त्याच्या झावळ्यांतून गळलेल्या उन्हावर खालचे मजले जगतात. सौरवृक्षाखाली जमीन मोकळी राहते, अधूनमधून ऊन पडतं, सावली सरकत राहते.

आमच्याकडची कोणीही बाई तिथे अळू लावील.