ताळेबंदात नसलेले सिनेमे

डिसेंबर आला की मराठी सिनेमाचा ताळेबंद मांडायची आपल्याकडे रीत आहे. किती आले, किती चालले, किती जणांना थिएटरवाल्यांनी प्राइम टाइम नाकारला. मीही असे लेख इमानेइतबारे पाडत आलोय. परवा जुन्या वह्या चाळताना लक्षात आलं, की ज्या मराठी सिनेमांच्या नावाखाली मी दोनदा रेघ मारून ठेवली होती, त्यांतले बरेचसे माझ्या एकाही ताळेबंदात नाहीत. ते माहितीपट होते. त्यांतली माणसं मराठीत बोलतात, मराठीत भांडतात, मराठीत रडतात. पण ‘मराठी सिनेमा’ म्हणताना मला ते आठवलेच नव्हते.

दोष थोडा शब्दाचाही आहे. ‘माहितीपट’ म्हटलं की माझ्या पिढीला फिल्म्स डिव्हिजन आठवते. मुख्य खेळाआधी धरण, खत नाहीतर कुटुंबनियोजन, आणि अंधारात आपली खुर्ची शोधणारे लोक. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचं एनएफडीसीत विलीनीकरण झालं, तरी ती सवय काही गेली नाही. माहितीपट म्हणजे सिनेमा सुरू होण्याआधीची गोष्ट, असं आपण अजूनही धरून चालतो.

‘अगेन्स्ट द टाइड’ घ्या. सर्वनिक कौर यांच्या या चित्रपटाला २०२३ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक वडिलांच्या छोट्या होडीतून, बापजाद्यांच्या पद्धतीनं मासेमारी करतो. दुसरा परदेशात शिकून आलेला. त्याची बोट मोठी, कर्ज त्याहून मोठं. जाळं रिकामं येऊ लागतं तेव्हा तो एलईडी दिव्यांकडे वळतो. प्रखर उजेड पाण्यात सोडून मासळी ओढून घ्यायच्या या पद्धतीवर केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली आहे, पण बंदीचा कागद असतो जमिनीवर. पहिल्या मित्राच्या घरात हृदयाचं दुखणं घेऊन जन्मलेलं तान्हं बाळ आहे. त्यामुळे ‘समुद्राला ओरबाडू नये’ हे त्याचं म्हणणं आपल्याला कितीही पटलं, तरी त्याची किंमत कोण मोजतंय हे डोळ्यांसमोरून हलत नाही. दोघं पीत बसतात, वाद घालतात, आणि कुणाची बाजू घ्यावी ते आपल्याला कळेनासं होतं.

मी हा चित्रपट पाहत होतो तेव्हा एक लाजिरवाणी गोष्ट घडली. कोळीवाड्यातली बोली कानाला चटकन लागेना, म्हणून मी खालची इंग्रजी वाचू लागलो. मराठीत लिहून पोट भरणारा माणूस मराठी सिनेमा इंग्रजीतून समजून घेत होता. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी मात्र अक्षरं पडद्यावर यायच्या आधीच हसत होतं.

माझी एक तक्रारही आहे. दोन मित्र, दोन वाटा, एक बाळ, एक समुद्र; ही मांडणी इतकी नेटकी आहे की मधूनच पटकथालेखक मागे उभा असल्यासारखं वाटतं. कॅमेरा शेजारी असूनही कुणी त्याच्याकडे बघत नाही, कुणी त्याला ‘आता बंद कर’ म्हणत नाही. परदेशी निधी, तिथल्या चित्रपट-कार्यशाळा, तिथले सल्लागार यांच्यातून तावूनसुलाखून आलेल्या आजच्या अनेक माहितीपटांना ही सफाई असते. पैसा इथे मिळत नाही, म्हणून तिथे जावं लागतं, हे मान्य. पण तिथली इस्त्री कपड्यावर दिसते.

किंशुक सुरजन यांचा ‘मार्चिंग इन द डार्क’ (२०२४) मला त्यामुळे अधिक जवळचा वाटला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका एकत्र बसतात आणि बोलतात, एवढंच त्याचं मोठं नाट्य. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये नवरा जिवाचं बरंवाईट करील या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवायला लागते, २००९ साली तो विनोद आणि ती भीती एकाच वेळी अंगावर आली होती. सुरजन यांचा चित्रपट त्या पाळतीचा उपयोग न झालेल्या घरांत जातो. मेलेल्या माणसावर बातमी होते. मागे राहिलेलीला सकाळी उठून दुसऱ्याच्या रानात जायचं असतं, पोरांच्या शाळेचं बघायचं असतं आणि सासरच्यांचं तोंडही सांभाळायचं असतं. त्या बायकांपैकी एखादी बोलता बोलता थांबते तेव्हा कॅमेरा पुढचं वाक्य मागत नाही. आपल्या कथापटांत अशा ठिकाणी हमखास बासरी वाजते.

खरं तर आपल्या सिनेमाची सुरुवातच बघत बसण्यातून झाली. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याचा दाणा रुजून वर येईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. तारामतीच्या आधी आपल्याकडे वाटाण्याचा वेल पडद्यावर आला.

गेल्या दहा-बारा वर्षांत जे कथापट टिकतील असं वाटतं, त्यांनीही हेच बघत बसणं पुन्हा शिकून घेतलंय. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार होते, प्रत्यक्षात चळवळीतले कार्यकर्ते. गाणी संभाजी भगत यांची. आणि हेच भगत त्याआधी आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये डफ घेऊन उभे आहेत. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धनांनी सुरू केलेला तो चित्रपट पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. ‘कोर्ट’ची जमीन त्या चौदा वर्षांनी नांगरून ठेवली होती, असं मी म्हटलं तर ताम्हाणेवर अन्याय होऊ नये.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ याच वाटेवरचा. टोरांटोला २०२३ मध्ये नेटपॅक पारितोषिक मिळालेला हा चित्रपट आपल्या थिएटरांत आला मार्च २०२५ मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, गावातलेच लोक, कापसाचा पडता भाव, आणि मुलगी बघायचा कार्यक्रम. नाव सांग. शिक्षण किती? उंची? छंद काय? हा कार्यक्रम एकदा होतो तेव्हा हसू येतं. तोच पुन्हा होतो, तेच पोहे, तीच मान खाली, प्रश्न विचारणारे तेवढे बदललेले. तिसऱ्या खेपेला माझ्या शेजारच्या बाई खुर्चीत सावरून बसल्या, जणू प्रश्न त्यांनाच विचारला होता. त्या मुलीचं, सवितेचं, काम करणारी नंदिनी चिकटे या सगळ्या वेळी जवळजवळ काहीच करत नाही, आणि ते करणं किती अवघड आहे हे आपल्या नटांना विचारा. चित्रपटातला विनोद एकदोन ठिकाणी स्वतःवरच खूश होतो. समाजशास्त्राच्या मास्तरचा दुटप्पीपणा तर फारच आधी कळतो. तरीही एवढा रोखून पाहणारा पहिला चित्रपट अलीकडे मी पाहिलेला नाही.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ मध्ये सनडान्सचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी गेलेला मुंबईतला मुलगा, त्याचा लहानपणचा मित्र, आणि ‘आता लग्न कधी’ म्हणणारे नातेवाईक. समलिंगी प्रेमाची गोष्ट असूनही यात घरातलं कुणी ताट भिरकावत नाही. आईला माहीत आहे. तिनं ते पदरात घेतलंय. सगळी लढाई भावकीशी आहे, आणि तीही दबक्या आवाजात.

पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’बद्दल कानच्या ग्रां प्रीनंतर एवढं लिहिलं गेलं की मी भर घालत नाही. फक्त छाया कदमच्या पार्वतीबद्दल. गिरणी कामगाराची ही विधवा वर्षानुवर्षं ज्या खोलीत राहिली, तिचा एक कागद तिच्याकडे नाही, आणि म्हणून बिल्डरच्या लेखी ती तिथे कधी राहिलीच नाही. परळ-लालबागचे इतके सिनेमे झाले. गिरणगावाचा शेवट एका हरवलेल्या पावतीत मावतो, हे यातच दिसलं.

दुसऱ्या टोकाला काय चाललंय? ‘फर्जंद’पासूनची तलवारबाजी आता इतकी सरावाची झालीय की मावळ्यांपेक्षा ढोल-ताशांचीच जास्त दमछाक होत असावी. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकर ऐंशी पार करून जे करतात ते पाहायलाच हवं, पण कथानकाला सूड घ्यायची इतकी घाई, की दशावतारी नाटकाची ती लांबत जाणारी, पेंगुळलेली, पहाटेकडे सरकणारी रात्र मला हवी तेवढी भेटली नाही. आणि ओटीटीवरचे ते ताऱ्यांचे माहितीपट! सत्कारमूर्तीच्या संमतीनं काढलेल्या स्मरणिका त्या. त्यांवर वाक्य खर्ची घालवत नाही.

पटवर्धनांचा ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) मात्र दोनदा पाहिला. आईवडिलांचं म्हातारपण, घरात सहज काढलेलं चित्रण. काका रावसाहेब आणि अच्युतराव स्वातंत्र्यलढ्यातले. आई निर्मला मातीची भांडी घडवणारी, शांतिनिकेतनात शिकलेली. चित्रण खडबडीत आहे, आवाज मागेपुढे होतो, मुलगा कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतो आणि आई त्याला उडवून लावते. ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये मला जे मिळत नव्हतं ते हेच: कॅमेरा धरणाऱ्याला घरात कुणीतरी गप्प करणं.

अशाच एका मराठी माहितीपटाचा खेळ मध्यंतरी एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर पाहिला. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर ताणलेली चादर, आम्ही वीस-बावीस जण. संपल्यावर चर्चेत नेहमीचे लांबलचक प्रश्न झाले. मग शेवटच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, ‘आमच्या गावी दाखवायचाय. कुठे मिळतो?’ दिग्दर्शिकेनं वितरक परदेशी आहे, हक्क त्यांच्याकडे आहेत, असं काही सांगायला सुरुवात केली. काका ऐकत उभेच राहिले. शेवटी तिनं पिशवीतून पेन काढलं, आणि लिहायला काही सापडेना म्हणून त्यांनी आपला तळहात पुढे केला.