कल आणि कला

भाऊबीजेच्या संध्याकाळी औक्षणाचं ताट घेऊन बहीण आधी गच्चीत जाते, चंद्राला ओवाळते आणि मग भावाकडे वळते. त्या गडबडीत कोरेकडे नीट पाहायचं राहून जातं. ती कोर तिरपी असते. उजळ कड उजवीकडे खाली झुकलेली, एक टोक उंच, दुसरं बरंच खाली. आता चैत्रातली, पाडव्यानंतरच्या द्वितीयेची कोर आठवा. तीही तितकीच कोवळी, तीही सूर्यास्तानंतर पश्चिमेलाच; पण ती जवळजवळ आडवी असते, संथ पाण्यावरच्या होडीसारखी, दोन्ही टोकं सारख्या उंचीवर. तिथी तीच, चंद्र तोच; मग ठेवण का बदलली? सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांच्या रचनेचा आस्वाद मी नेहमी या दोन कोरांपासून घेऊ लागतो. कारण तिचं मर्म इथेच आहे: जे जे तिरपं आहे, त्यातूनच तिला शोभा आली आहे.

पहिला तिरपेपणा पृथ्वीचा. तिचा आस कक्षेवर ताठ उभा नाही, तो सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, आणि वर्षभराच्या प्रदक्षिणेत तो कल आपली दिशा सोडत नाही. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि डिसेंबरमध्ये त्याच्यापासून दूर जातो. आकाशातली सूर्याची वाटही यामुळेच तिरपी होते. चैत्रात सूर्यास्ताच्या वेळी ही वाट आपल्याकडे क्षितिजावर जवळजवळ उभी असते. कार्तिकात ती दक्षिणेकडे, म्हणजे डावीकडे, लवते. चंद्र याच वाटेच्या आसपास चालतो आणि त्याची उजळ बाजू सूर्याकडेच असते. वाट उभी तेव्हा कोर आडवी, वाट लवली की कोर तिरपी. जो कल आपल्याला उन्हाळा-हिवाळा देतो, तोच ओवाळणीच्या कोरेलाही झुकवतो. एका रेषेतून इतकं काम काढून घेणारा कारागीर विरळा.

ऋतूंच्या बाबतीत या रचनेतली एक खुबी फार नाजूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शाल पांघरून बसलेलो असतो तेव्हा. अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ती ५० लाख किलोमीटर लांब गेलेली असते. तरी ऋतू ठरतो तो किरण किती उभे पडतात आणि दिवस किती लांबतो यावर. अंतराचा सूर त्यात अगदी हलका लागतो, पण लागतो: सूर्याजवळ असताना पृथ्वी वेगाने धावते, त्यामुळे मार्च ते सप्टेंबर या दोन विषुवदिनांमधला आपला उन्हाचा काळ साधारण १८६ दिवसांचा होतो, तर उरलेला १७९ दिवसांत संपतो. आठवडाभराचा हा फरक दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजता येतो.

सावलीतही अशीच एक बारीक कलाकुसर आहे. मे महिन्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. हा शून्य सावलीचा क्षण गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्याला आणि नागपुरात अखेरच्या आठवड्यात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. नजरेतून निसटतं ते पुढचं. पुण्या-मुंबईत हा क्षण जुलैअखेरीस पुन्हा येतो, आणि या दोहोंच्या मध्ये दोन-अडीच महिने सूर्य माध्यान्ही आपल्या उत्तरेला असतो. एरवी वर्षभर दुपारी उत्तरेकडे पडणारी सावली तेवढ्या काळात दक्षिणेकडे पडते. त्यातला बराच भाग पावसाळी ढग झाकून टाकतात. जून उजाडायच्या आत, आभाळ मोकळं असताना, ही उलटलेली सावली ज्याने पाहिली त्याला उत्तरायणाचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

पौर्णिमांकडेही याच नजरेने पाहावं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो. पण समोर असल्यामुळेच तो सूर्याची जागाही उलटी घेतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो, तेव्हा दत्तजयंतीचा चंद्र मध्यरात्री जवळपास माथ्यावर येतो. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर तळपतो, तेव्हा वटपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून खालच्या वाटेने जातो. दिवस लहान असताना चांदणं उंच आणि दीर्घ मिळतं. तोल राखण्याची ही रीत पाहून मन निवतं.

आता पंचांगाचं पान उघडा. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्याची चाल कमी-जास्त, म्हणून तिथी कधी १९ तासांची तर कधी २६ तासांची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते, तिचा क्षय. एखादी दोन सूर्योदय पाहते, तिची वृद्धी. पुढे बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात आणि सौर वर्षाला ११ दिवस कमी पडतात. ती तूट साठत जाते आणि एखादा चांद्रमास सूर्याची एकही संक्रांत न होता सरतो. तोच अधिक मास, आपला धोंड्याचा महिना. दोन अधिक मासांमधलं सरासरी अंतर सुमारे साडेबत्तीस महिने, आणि जावयाच्या ताटात पडतात ३३ अनारसे. गणिताचा हिशेब स्वयंपाकघरापर्यंत इतका गोड होऊन यावा, ही या परंपरेची श्रीमंती आहे.

दुसरा तिरपेपणा चंद्राचा, अवघा ५ अंशांचा. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी इतकीच कललेली आहे. ती तशी नसती तर दर अमावास्येला सूर्यग्रहण आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण झालं असतं. प्रत्यक्षात चंद्र बहुतेक वेळा सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. सूर्य यांच्यापैकी एकाजवळ असताना अमावास्या-पौर्णिमा आली तरच ग्रहण. हे बिंदूही स्वस्थ नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला तेव्हा त्यांनी हे सारं त्रिकोणमितीतल्या ‘ज्या’ची (साइनची) आकडेमोड टाळून सुटसुटीत रीतींत बसवलं. अवघड ते सोपं करताना अचूकतेची चाड सुटू दिली नाही, यातच त्यांची प्रतिभा दिसते.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण झालं. खग्रास अवस्था ८२ मिनिटांची. ज्यांना ते पाहता आलं त्यांनी सावली कोणत्या कडेने शिरली ते आठवावं. चंद्र पूर्वेकडे सरकत पृथ्वीच्या छायेत जातो, म्हणून आधी त्याची पूर्वेची कड काळवंडते. सूर्यग्रहणात हाच चंद्र पूर्वेकडे सरकत सूर्यावर येतो, म्हणून सूर्याची पश्चिमेची कड आधी कापली जाते. चाल एकच, पण घाव उलट्या बाजूंना. आणि खग्रास होताच चंद्र नाहीसा होत नाही, तांबूस होतो. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लाल प्रकाश त्याच्यावर पडलेला असतो. त्या वेळी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्य उगवत वा मावळत असतो, त्या सगळ्या संध्या-उषांचा रंग एकवटून चंद्रावर उतरतो. माझ्या मते या रचनेतली सर्वात हृद्य जागा हीच.

खग्रास सूर्यग्रहण शक्य होतं ते एका जुळणीमुळे: सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आणि त्याचं अंतरही जवळपास तितक्याच पट. म्हणून दोघं आपल्याला सारख्याच आकाराचे दिसतात. चंद्र लांबच्या टप्प्यावर असला की सूर्य पुरता झाकला जात नाही आणि कंकणाकृती ग्रहण होतं. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे. सुमारे ६० कोटी वर्षांनी खग्रास सूर्यग्रहण उरणारच नाही. ही जुळणी अजून टिकून आहे अशा काळात आपण जन्मलो, हे भाग्यच.

येत्या भाऊबीजेला ताट खाली ठेवण्याआधी क्षणभर थांबा. कोरेचा कल पाहा, आणि तिच्या कुशीत उरलेल्या चंद्राचा राखाडी उजेडही पाहा. तो पृथ्वीवर पडून परतलेल्या उन्हाचा आहे. चंद्राला ओवाळताना आपल्या पृथ्वीचाच प्रकाश आपल्याला समोर दिसत असतो.