किशोरवयीनांचे शिष्यत्व आणि मंडळीची भाषा : ‘ऑलमोस्ट ख्रिश्चन’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना :
ख्रिस्ती मंडळीतील किशोरवयीन मुलामुलींचे शिष्यत्व हा विषय सामान्यतः पाळकांच्या प्रशिक्षणापुरता मर्यादित मानला जातो. वास्तविक एक पिढी आपली श्रद्धा दुसऱ्या पिढीच्या हाती कोणत्या भाषेत सोपविते, हा समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व साहित्य या तिन्ही शाखांचा प्रश्न आहे. या दृष्टीने केंडा क्रीसी डीन यांचा ‘ऑलमोस्ट ख्रिश्चन’ (२०१०) हा ग्रंथ विचारात घेण्याजोगा आहे. ‘जवळजवळ ख्रिस्ती’ हे शीर्षक जॉन वेस्ली यांनी १७४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे केलेल्या प्रवचनाचे स्मरण करून देते.

आशय :
ग्रंथाचा आधार म्हणजे ख्रिश्चन स्मिथ व मेलिंडा डेंटन यांचा ‘सोल सर्चिंग’ (२००५) हा अभ्यास. त्यासाठी अमेरिकेतील १३ ते १७ वर्षे वयाच्या तीन हजारांहून अधिक मुलामुलींचे दूरध्वनीद्वारे सर्वेक्षण झाले आणि २६७ जणांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेण्यात आल्या. मुले धर्माच्या विरोधात नव्हती. मात्र आपण काय मानतो हे बहुतेकांना सांगता येत नव्हते. देव आहे, माणसाने चांगले वागावे, सुखी असावे आणि अडचण आली तर देवाला हाक मारावी, एवढेच त्यांच्या श्रद्धेचे सार होते.

डीन यांचे प्रतिपादन असे की, हा दोष मुलांचा नसून मंडळीचा आहे. मुलांनी जे ऐकले तेच ते बोलतात. घरातील व मंडळीतील प्रौढांची श्रद्धाच पातळ असेल, तर शिबिरे, खेळ व संगीत यांनी ती दाट होणार नाही. यावर अनुवाद, साक्ष व अलिप्तता या तीन मार्गांचा त्या पुरस्कार करतात. युवक-सेवेच्या चर्चेचे बोट मुलांकडून वडीलधाऱ्यांकडे वळविणे, हे या ग्रंथाचे मोठे श्रेय होय.

मर्यादा :
तथापि एक शंका उरते. डीन मोर्मन किशोरांचा दाखला देतात. त्या पंथाची मुले शाळेपूर्वी, पहाटे धर्मवर्गाला बसतात व आपली श्रद्धा स्पष्टपणे मांडतात. डीन यांना मोर्मन सिद्धान्त मान्य नाहीत; त्यांना हेवा वाटतो तो या शिस्तीचा. परंतु अस्खलित बोलणे म्हणजे श्रद्धा नव्हे. पाठांतरही अस्खलित असते. उलट सोळा वर्षांच्या मुलाचे अडखळणे हे कधी रिकामेपणाचे, तर कधी विचाराचे लक्षण असते. मुलाखतीच्या मोजपट्टीला हा भेद सहज कळत नाही.

येथे मराठी वाचकास ‘स्मृतिचित्रे’ आठवल्यावाचून राहत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधली पाच वर्षे राग, दुरावा, वाद आणि स्वतंत्र विचार यांची आहेत. सोवळेओवळे त्यांनी सोडले ते बाप्तिस्म्यापूर्वीच आणि स्वतःच्या विचाराने. लक्ष्मीबाई तेव्हा किशोरवयीन नव्हत्या, आणि त्यांचा प्रश्न धर्मांतराचा होता, संगोपनाचा नव्हे, हा फरक मान्य केलाच पाहिजे. तरीही साक्ष कशी घडते याचा हा उत्तम नमुना आहे. त्यांची साक्ष घरगुती, मिस्कील मराठीत आहे आणि तिने आपला विरोध लपविलेला नाही. अनुवाद व साक्ष या डीन यांच्या दोन्ही संज्ञा येथे एकत्र येतात. त्यांना जोडणारा दुवा मात्र असहमतीचा अवकाश हा आहे, आणि त्याला डीन यांच्या मांडणीत पुरेसे महत्त्व मिळत नाही.

समारोप :
हा मुद्दा केवळ अमेरिकेचा नाही. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना स्थान आहे. ज्याचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, तो वाढत्या वयात दृढीकरणाच्या वेळी आईवडिलांनी दिलेला शब्द सर्वांसमक्ष आपला म्हणून उच्चारतो. तो शब्द पाठ केलेला असेल की पटलेला, हे त्याआधी त्याला वडीलधाऱ्यांपुढे ‘मला हे पटत नाही’ असे निर्भयपणे म्हणता आले होते काय, यावर अवलंबून राहील. शिबिरातील उपस्थितीची नोंद ठेवणे सोपे आहे; असा प्रश्न ऐकून घेणे अवघड आहे. शिष्य घडतो तो या अवघड कामातून. अनुयायी मात्र उपस्थितीपटावरही मिळतात.